जुना टॅबलेट भिंतीत बसवायचा आहे: कोनाडा किती खोल, वीज कुठून आणि बॅटरीचे काय?

कोथरूडचा_रहिवासी

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या पंचवीस वर्षे जुन्या सदनिकेचे नूतनीकरण सुरू होत आहे. विजेची संपूर्ण तारजोडणी बदलायची असल्याने भिंती तशाही फोडल्या जाणार आहेत. त्यातच दिवाणखान्यातून आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोळाच्या भिंतीत एक टॅबलेट कायमचा बसवून घ्यावा, असा माझा विचार आहे.

घरात गेले दीड वर्ष होम असिस्टंट ही घरातील उपकरणे चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर चालू आहे. सहा दिवे, तीन पंखे, गीझर, दारावरचा कॅमेरा आणि माळ्यावरील टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर तिला जोडलेले आहेत. हे सर्व माझ्या मोबाइलवर दिसते, म्हणजे प्रत्यक्षात ते फक्त मलाच दिसते. आईचे वय चौऱ्याहत्तर आहे. टाकीत पाणी किती उरले आहे आणि गीझर बंद झाला की नाही, एवढेच तिला हवे असते, आणि त्यासाठी ती मला कार्यालयात फोन करते.

भिंतीवर लावायच्या तयार नियंत्रण-पॅनेलचे दरपत्रक एका व्यावसायिकाकडून मागवले होते. त्यातील एकट्या पॅनेलची किंमत माझ्या आजवरच्या सगळ्या खर्चाहून अधिक निघाली, म्हणून तो विचार सोडला. घरात दोन टॅबलेट पडून आहेत. एक दहा इंची असून त्यावर अँड्रॉइड ९ आहे. दुसरा आठ इंची, त्यावर अँड्रॉइड ६ आहे. दोन्ही चालू स्थितीत आहेत.

बोळाची भिंत अर्ध्या विटेची आहे आणि दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह जेमतेम साडेपाच इंच भरते. तिच्या पलीकडे शयनगृह असून तिथे भिंतभर कपाट होणार आहे. राउटर आणि रास्पबेरी पाय दिवाणखान्यात, तारेच्या मार्गाने सुमारे दहा मीटरवर आहेत. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की, कोनाड्यातच पाच अँपिअरचा सॉकेट घ्यावा, चार्जर आत ठेवावा आणि वरून फ्रेम ठोकून टाकावी. मला हे पटत नाही, पण पर्यायही सुचत नाही. कोनाडा किती खोल घ्यावा, वीज कशी आणावी आणि सतत चार्जरला जोडलेल्या बॅटरीचे पुढे काय होते, याविषयी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. सुतार आणि इलेक्ट्रिशियन दोघेही पंधरा दिवसांत कामाला लागतील.

मावळतीची_भिंत

आपला इलेक्ट्रिशियन जे सुचवतो आहे, नेमके तेच मी २०२१ मध्ये बाणेरच्या घरी केले होते, त्यामुळे त्याचा शेवट मला ठाऊक आहे. चौदा महिन्यांनी टॅबलेटचा पडदा एका कडेने उचललेला दिसला. फ्रेमचे स्क्रू सैल झाले असावेत असे समजून मी ते आवळले, आणि ही माझी दुसरी चूक होती. पडदा उचलला होता तो मागची बॅटरी उशीसारखी फुगल्यामुळे. फुगलेल्या लिथियम बॅटरीवर दाब देणे किती धोक्याचे आहे, हे मला नंतर समजले.

कारण साधे आहे. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेला असताना त्याचे व्होल्टेज सुमारे ४.२ किंवा त्याहून थोडे अधिक असते, आणि त्या अवस्थेत तो जितका काळ राहील व जितका तापेल तितके आतल्या द्रावाचे विघटन होऊन वायू साठत जातो. हातात वापरल्या जाणाऱ्या टॅबलेटची बॅटरी रोज उतरते आणि रोज चढते. भिंतीतल्या टॅबलेटची बॅटरी मात्र वर्षानुवर्षे शंभर टक्क्यांवर बसून राहते, आणि बंद कोनाड्यात तिला हवाही मिळत नाही. माझी भिंत पश्चिमेची होती. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर ती हाताला गरम लागते. त्यात चार्जरची उष्णता वेगळी. आपली भिंत आतली आहे, ही जमेची बाजू.

आता दुसरा टॅबलेट मी असा चालवतो. चार्जर एका स्मार्ट प्लगवर, म्हणजे प्रणालीच्या आदेशाने चालू-बंद होणाऱ्या प्लगवर आहे. होम असिस्टंटचे मोबाइल ॲप टॅबलेटची बॅटरी किती टक्के आहे ते प्रणालीला कळवत राहते. आकडा ३० च्या खाली गेला की प्लग सुरू होतो आणि ७० च्या वर गेला की बंद होतो. अडीच वर्षे झाली, टॅबलेटची पाठ अजून सपाट आहे. दर दोन महिन्यांनी मी तो काढून काचेच्या टेबलावर पालथा ठेवून पाहतो. डुगडुगला, तर बॅटरी फुगू लागली असे समजावे.

यातही एक खोच आहे. टॅबलेटचे वायफाय तुटले तर आकडा जुनाच राहतो आणि प्लग ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत अडकतो. म्हणून मी आणखी एक नियम घातला आहे: तासभर नवा आकडा आला नाही, तर प्लग बंद करून मोबाइलवर सूचना पाठवावी. बंद पडलेला टॅबलेट दिसतो तरी. फुगणारी बॅटरी दिसत नाही. वीज जाऊन परत आल्यावर प्लगने बंद स्थितीतच राहावे, ही निवडही त्याच्या सेटिंगमध्ये करून ठेवावी. एवढा खटाटोप नको असेल, तर दिवसातून ठरावीक दोन-तीन तास वीज देणारा साधा टायमरही बरेच काम भागवतो. सॅमसंगच्या काही टॅबलेटमध्ये चार्जिंग ८० किंवा ८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय मुळातच असते, पण आपला दहा इंची टॅबलेट अँड्रॉइड ९ चा असल्याने त्यात ती मिळण्याची शक्यता कमी वाटते.

बॅटरी काढून टाकून तिच्या टोकांना थेट वीज देण्याचे प्रयोग आंतरजालावर पुष्कळ दिसतील. अनेक टॅबलेट बॅटरीच्या नियंत्रक पट्टीशिवाय सुरूच होत नाहीत आणि व्होल्टेज थोडे चुकले तर टॅबलेट जातो. सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

ओहमचा_विद्यार्थी

बॅटरीविषयी वर आलेले सर्व योग्य आहे. मी विजेपुरते लिहितो, कारण दहा मीटर अंतर वाचल्यावर पुढची चूक मला दिसू लागली आहे.

चार्जर दिवाणखान्यात ठेवून तिथून पाच व्होल्ट बारीक तारेने बोळापर्यंत न्यावेत, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो घेऊ नये. नेटवर्कच्या केबलमधील एका बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. जाण्याचे दहा आणि येण्याचे दहा असे वीस मीटर धरले तर तो १.७ ओहम होतो. टॅबलेटने दीड अँपिअर मागितला की अडीच व्होल्ट तारेतच खर्ची पडतात, म्हणजे निघालेल्या पाचातले निम्मेच पोहोचतात. टॅबलेट ‘चार्जिंग मंद गतीने होत आहे’ असे सांगतो, पडदा चालू असताना बॅटरी उलट उतरत जाते, आणि मालक चार्जर बदलत बसतो. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास येते. तेही काठावरच.

तेवढ्याच अंतरासाठी बारा व्होल्ट न्यावेत आणि टॅबलेटच्या पाठीमागे बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा छोटा बक कन्व्हर्टर लावावा. साडेसात वॉटसाठी बारा व्होल्टवर सुमारे पाऊण अँपिअर पुरतो, एक चौरस मिलिमीटरच्या तारेत घट पाव व्होल्टच्या आसपास राहते आणि कन्व्हर्टर ती सहज सांभाळतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असे कन्व्हर्टर कितीतरी प्रकारांत मिळतात. मात्र घेताना तीन अँपिअरचा घ्यावा आणि बसवण्याआधी मल्टिमीटरवर पाच व्होल्ट तपासून घ्यावेत, कारण फिरवायचा स्क्रू असलेल्या प्रकारात तो कारखान्यातून कुठेही ठेवलेला असू शकतो. दुसरा मार्ग नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याचा, म्हणजे पीओईचा आहे. तिथे व्होल्टेज अठ्ठेचाळीसच्या आसपास असते, म्हणून तीच बारीक तार पुरते, आणि ८०२.३ एएफ या मानकानुसार उपकरणाला १२.९५ वॉटपर्यंत वीज मिळते. दहा इंची टॅबलेटला ती पुरेशी आहे. पीओई स्विच घरात आधीपासून नसेल, तर केवळ यासाठी तो घेऊ नये.

तथापि आपल्या घराचा आराखडा वाचल्यावर मला वाटते की यातले काहीच करण्याची गरज नाही. भिंतीपलीकडे कपाट आहे ना? त्या कपाटाच्या आत, हात पोहोचेल अशा उंचीवर, सॉकेट घ्यावा. स्मार्ट प्लग आणि चार्जर तिथे राहतील. भिंतीतून एक इंची पाइप आरपार टाकून फक्त यूएसबीची दीड मीटरची केबल टॅबलेटपर्यंत आणावी. चार्जर बिघडला तर कपाट उघडून बदलता येईल, त्याची उष्णता टॅबलेटला लागणार नाही, आणि २३० व्होल्टची तार टॅबलेटच्या पाठीमागे येणारच नाही. चार्जरला कपाटात मोकळी जागा मात्र हवी. कपड्यांच्या घड्यांखाली तो दडपला जाऊ नये. सॉकेटसाठी भिंतीत बसणारा मॉड्युलर बॉक्स साधारण पन्नास मिलिमीटर खोल असतो. त्यावर चार्जर खोचला की अर्ध्या विटेच्या भिंतीत काय उरते, हे इलेक्ट्रिशियनला पट्टी लावून दाखवावे.

कमी व्होल्टची तार (यूएसबी, बारा व्होल्ट किंवा नेटवर्कची) आणि घरातील विजेची तार एकाच पाइपमधून कधीही नेऊ नये. पाइप वाचवण्याच्या नादात हे सर्रास केले जाते.

आणखी एक गोष्ट गुरुवारची. देखभालीसाठी वीज गेली की इन्व्हर्टरवर टॅबलेट चालू राहतो, पण राउटर किंवा रास्पबेरी पाय इन्व्हर्टरच्या लाइनवर नसेल, तर पडद्यावर फक्त ‘जोडणी तुटली’ एवढेच दिसते. नवी तारजोडणी करतच आहात, तर तिन्ही एकाच लाइनवर घ्यावेत.

रेखाटणे

मी सदनिकांच्या अंतर्गत रचनेची कामे करते, त्यामुळे माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. कोनाडा किती खोल असावा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, कोनाडा करूच नये.

भिंत तीस-चाळीस वर्षे राहणार आहे आणि टॅबलेट फार तर चार-पाच. त्यानंतर येणारा टॅबलेट याच लांबी-रुंदीचा असणार नाही. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन मॉडेलमध्येही कडा, कॅमेरा आणि चार्जिंगचे छिद्र यांच्या जागा बदललेल्या असतात. वाड्यांच्या भिंतींत देवळ्या असत, कारण त्या भिंती हात-दीड हात जाडीच्या होत्या आणि त्यात ठेवायची पणती कुठल्याही कुंभाराकडची चालत असे. अर्ध्या विटेच्या भिंतीत दहा इंची टॅबलेटसाठी आडवा खड्डा घेतल्यास भिंत तेवढ्यापुरती कमकुवत होते आणि कडेने गिलाव्याला तडे जाण्याचा संभव असतो. पूर्वी एका ग्राहकाच्या हट्टापायी मी असा खड्डा करून दिला होता. तीन वर्षांत टॅबलेट बदलला, आणि जुन्या मापाचा खड्डा झाकण्यासाठी शेवटी त्यावर चित्र टांगावे लागले.

त्याऐवजी भिंतीच्या पृष्ठभागावर उथळ चौकट करावी. बारा मिलिमीटरच्या प्लायची चौकट, तिला घरातील दारांचाच लॅमिनेट किंवा व्हिनियर, आणि समोर टॅबलेटच्या पडद्याएवढी खिडकी कापलेली पातळ पट्टी, जी चुंबकांनी चिकटेल. टॅबलेट बदलला तर फक्त ही पट्टी नव्याने कापायची. खिडकीचे अचूक माप हवे असेल, तर पट्टी ॲक्रिलिकची घेऊन लेझरने कापून घ्यावी. मागे टॅबलेट आणि भिंत यांत किमान दहा मिलिमीटर अंतर सोडावे आणि चौकटीच्या खालच्या व वरच्या कडेला हवेसाठी फटी ठेवाव्यात. गरम हवा वरून निघून जाते. यूएसबीची पिन काटकोनात वळलेली घ्यावी, नाहीतर सरळ पिनसाठी चौकट एका बाजूने दीड इंच मोठी करावी लागते आणि ती कायम वाकडी दिसते.

उंचीविषयी. बहुतेक जण स्वतःच्या डोळ्यांसमोर टॅबलेट धरतात आणि सुताराला तिथे खूण करायला सांगतात. आपल्याकडे तो आईसाठी आहे, तेव्हा खूण त्यांना उभे करून घ्यावी, आणि त्या चष्मा वापरत असतील तर चष्म्यासह. माझ्या अनुभवात पडद्याचा मध्य जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर आला की घरातील बहुतेकांना सोयीचे पडते. खिडकीसमोरची भिंत टाळावी, कारण दिवसा पडद्यात खिडकीच दिसते. दार उघडल्यावर मागे लपणारी जागाही टाळावी.

वाकड-हिंजवडीकडील नव्या संकुलांत राहणारे कोणी हे वाचत असतील, तर त्यांच्यासाठी एक सूचना: ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींत झिरी मारण्याचा विचारही करू नये. त्या भिंती इमारतीचा भार पेलतात. तिथे पृष्ठभागावरची चौकट हाच एक मार्ग आहे.

शेवटी, भिंतीवरची बटणे काढू नका. रिले (प्रणालीच्या आदेशाने दिवा चालू-बंद करणारा स्विच) बटणामागे असा जोडावा की बटण नेहमीप्रमाणे चालेल आणि टॅबलेट बंद असला तरी दिवा लागेल. हे सांगावे लागू नये, पण उत्साहाच्या भरात बटणांच्या जागी कोरी पट्टी लावलेली दोन घरे मी पाहिली आहेत.

रिकामा_राउटर

आठ इंची टॅबलेटचा नाद सोडावा, असे स्पष्ट सांगतो. अँड्रॉइड ६ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०६ होती, आणि ती २०२२ मधली आहे. होम असिस्टंटची पाने ब्राउझरच्या इंजिनवर चालतात, त्यामुळे आज ती उघडली तरी कूर्मगतीने उघडतील आणि एखाद्या अद्ययावतीनंतर उघडणारच नाहीत. अँड्रॉइड ९ साठीही क्रोम १३८ वर थांबले आहे. तथापि ती आवृत्ती २०२५ ची असल्याने दहा इंची टॅबलेट काही वर्षे काढेल.

त्यावर फुली किऑस्क ब्राउझर घालावा. तो एकच पान पूर्ण पडद्यावर धरून ठेवतो, बाहेर पडायला पिन मागतो, आणि पडदा चालू-बंद करण्याचा आदेश होम असिस्टंटकडून घेतो. समोरच्या कॅमेऱ्याने हालचाल ओळखून पडदा जागा करण्याची सोयही त्यात आहे. पण रात्री अंधाऱ्या बोळात कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि तो सतत चालू राहिल्याने टॅबलेट तापतो. शरीराच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर लावून त्याच्याकरवी पडदा जागा करावा आणि कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवावी. दहा इंची पडदा चोवीस तास पाच वॉट घेत राहिला तर वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण रात्री बोळात निळा उजेड कोणालाच नको असतो.

टॅबलेटवर आपले नेहमीचे गुगल खाते ठेवू नये. भिंतीवरचा टॅबलेट म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती दिलेला फोन, आणि त्यावर आपली पत्रे व छायाचित्रे असण्याचे काहीच कारण नाही. घरातील वायफायपुरता त्याला प्रवेश द्यावा आणि राउटरमधून त्याचे इंटरनेट बंद करावे. फुली किऑस्कच्या परवान्याची नोंदणी मात्र त्याआधी उरकून घ्यावी.

आणि आईंच्या पानावर दोनच गोष्टी ठेवाव्यात, टाकी आणि गीझर. बावीस बटणांचे पान फक्त करणाऱ्यालाच आवडते.

कोथरूडचा_रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोनाडा रद्द केला आहे. काल आईला बोळात उभे करून खूण घेतली, तर ती माझ्या अंदाजापेक्षा तब्बल सात इंच खाली आली. सॉकेट कपाटात जाईल आणि भिंतीतून एक इंची पाइप आरपार टाकू. इलेक्ट्रिशियनला पट्टी लावून दाखवल्यावर त्यानेही मान्य केले, फक्त ‘तुम्ही उगाच वाढवताय’ असे म्हणून. आठ इंची टॅबलेटची पाठ काचेवर ठेवून पाहिली आणि ती डुगडुगली. तो बंद करून गॅलरीत, पेटेल अशा वस्तूंपासून दूर ठेवला आहे. ई-कचरा संकलनाकडे देईपर्यंत तिथेच राहील.

एक शंका उरते. पुढेमागे पीओई करावेसे वाटले, तर आत्ता काय करून ठेवावे?

ओहमचा_विद्यार्थी

राउटरपासून बोळातल्या त्या खुणेपर्यंत २५ मिलिमीटरचा एक स्वतंत्र रिकामा पाइप टाकावा, त्यात ओढतार (पुढे केबल ओढून घेण्यासाठीची तार) सोडून ठेवावी आणि दोन्ही टोकांना कोऱ्या पट्टीचा बॉक्स लावावा. वळणे काटकोनी जोडाची न घेता वाकवलेल्या पाइपची घ्यावीत, नाहीतर ओढतार असूनही केबल अडकते. गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे काढावीत आणि ती मोबाइलशिवाय दुसऱ्या कुठेतरीही ठेवावीत. कपाटाचा सुतार पुढे खिळा कुठे मारायचा ते विचारील, तेव्हा ती लागतील.